अपरिचित पिस्तूल आणि नेमबाजाचा हात

(क्रीडाशिक्षक व पोलीस अधिकाऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



गावातील सुताराला दुसऱ्या सुताराचा रंधा हाती घ्यावा लागला, तर पहिले दोन-चार हात तो टाकाऊ लाकडावर फिरवून पाहतो. पाते किती बाहेर आले आहे, मूठ कोणत्या बाजूला झिजली आहे, याचा अंदाज घेतल्याखेरीज तो कामाच्या फळीला रंधा लावीत नाही. एस. टी.च्या चालकाला आगारातून निराळी गाडी मिळाली, की क्लच कोठे पकडतो आणि ब्रेक किती दाबावा लागतो, हे तो फाटकापाशीच अजमावून घेतो. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक पुष्कळदा विसरला जातो. ज्याने एका शस्त्रावर नेम साधला, त्याला दुसऱ्या कोणत्याही शस्त्रावर तो साधता आलाच पाहिजे, अशी समजूत अधिकाऱ्यांत असते आणि खुद्द नेमबाजांतही असते. नवे पिस्तूल हाती येते, दहा गोळ्या झाडल्या जातात, त्या लक्ष्यावर विखुरतात आणि मग एक तर पिस्तूल वाईट ठरते किंवा माणूस.

या दोहोंपैकी एकही निष्कर्ष बहुधा खरा नसतो. हाताला जी सवय जडलेली असते ती जुन्या पिस्तुलाची असते आणि नव्या पिस्तुलावर तीच सवय चुकीची ठरते. ही सवय कशी ओळखावी, ती मोडून दुसरी कशी लावावी आणि त्यासाठी किती अवधी द्यावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

अवधीचा प्रश्न प्रथम घेणे इष्ट ठरेल, कारण त्याचे उत्तर एका मोठ्या आणि सहसा न सांगितल्या जाणाऱ्या घटनेत आहे. ऑलिम्पिक स्पर्धांत २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल नावाचा एक जुना प्रकार आहे. शेजारी शेजारी उभ्या केलेल्या पाच लक्ष्यांवर प्रत्येकी एक, अशा पाच गोळ्या प्रथम आठ सेकंदांत, नंतर सहा सेकंदांत आणि शेवटी चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. या प्रकारासाठी २००४ सालापर्यंत एक खास जातीचे पिस्तूल वापरीत. त्यात पॉइंट दोन-दोन व्यासाचे आखूड काडतूस असे, त्यामुळे धक्का फारच कमी बसे. चाप इतका हलका असे की बोटाचा स्पर्श होताच गोळी सुटावी. लाकडी मूठ तर सबंध पंजाला वेढून घेणारी असे. जर्मनीच्या राल्फ शूमान या नेमबाजाने या पिस्तुलावर १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळविली आणि १९९५ साली ६०० पैकी ५९७ गुणांचा जागतिक विक्रम नोंदविला.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने २००५ पासून नियम बदलले. आखूड काडतूस गेले आणि त्याच व्यासाचे, परंतु अधिक जोरदार असे लांब काडतूस आले. चापावर निदान १००० ग्रॅम इतका दाब पडल्याखेरीज गोळी सुटता कामा नये, असे ठरले. पंजाला वेढणारी मूठ बंद झाली. पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, नळीची लांबी १५३ मिलिमीटरहून अधिक असू नये आणि एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत असावे, असे निर्बंध आले. थोडक्यात, जगातील उत्तमोत्तम नेमबाजांच्या हातातील शस्त्र एका वर्षात काढून घेतले गेले आणि त्यांच्या हाती दुसरे देण्यात आले.

परिणाम काय झाला? २००८ सालच्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराच्या प्राथमिक फेरीतील सर्वोच्च गुणसंख्या ५८३ होती. जगातील निवडक माणसे, अहोरात्र सराव, उत्तम प्रशिक्षक, हवी तितकी काडतुसे आणि तीन वर्षांहून अधिक काळ हाताशी असूनही जुन्या विक्रमाच्या चौदा गुण खाली! पुढे २०१२ साली लंडन येथे रशियाच्या अलेक्सेई क्लिमोव्हने ५९२ गुण मिळविले, तेव्हा नव्या शस्त्राची विद्या पक्व होत आल्याचे दिसले. त्याच लंडन येथे भारतीय सेनेच्या विजय कुमार यांनी या प्रकारात रौप्यपदक मिळविले. आणि शूमानचे काय झाले? जुन्या पिस्तुलाचा हा सम्राट २००८ साली ४६ वर्षांचा होता. या वयात बहुतेक खेळाडू निवृत्त होतात. त्याने नवे पिस्तूल हाती घेऊन बीजिंगला रौप्यपदक पटकावले.

जेथे अशा माणसांना वर्षे लागली, तेथे एखाद्या पोलीस शिपायाने सकाळी शस्त्रागारातून निराळे पिस्तूल घ्यावे आणि दुपारी दहा गोळ्यांत त्यावर प्रावीण्य दाखवावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे, याचा विचार श्रोत्यांपैकी अधिकाऱ्यांनी अवश्य करावा. शिपायाकडून ऑलिम्पिक गुणसंख्येची अपेक्षा नसते हे खरे. परंतु खेळाडूची चुकलेली गोळी मातीच्या बांधात जाऊन बसते. शिपायाची चुकलेली गोळी बाजारात, बसस्थानकावर किंवा एखाद्या वाड्याच्या दारात जाऊ शकते. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी अडथळा न आल्यास दीड किलोमीटरहूनही दूर जाते. तेव्हा अचूकतेची निकड कोणाला अधिक आहे, हे सांगणे नको.

आता शस्त्र बदलले म्हणजे नेमके काय बदलते ते पाहू.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर जो उंचवटा असतो त्यास माशी म्हणतात. मागील बाजूस एक खाच असते. माशी खाचेच्या मध्यभागी आणि तिच्या वरच्या कडेशी समपातळीत दिसली, म्हणजे पिस्तूल सरळ धरले गेले. साध्या पिस्तुलात माशी आणि खाच यांमधील अंतर सुमारे १६ सेंटिमीटर असते. आता त्रैराशिक मांडावे. माशी खाचेत केवळ एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर बाजूला जाते. पंचवीस मीटरच्या अचूक नेमबाजीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५ सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे ती गोळी दहाच्या वर्तुळातून थेट चारच्या वर्तुळात गेली. याउलट माशी व खाच एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण सबंध हातच एक सेंटिमीटर डावीउजवीकडे हलतो आहे, असे असेल तर गोळीही फक्त एक सेंटिमीटर सरकते आणि दहाच्या वर्तुळातच राहते.

हा हिशेब नीट समजला तर नवशिक्याची निम्मी धास्ती कमी होते. हात थरथरतो म्हणून नेम चुकतो, असे सर्वांना वाटते. वस्तुतः जिवंत माणसाचा हात थोडा हलणारच, त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते मनगट वळल्याने. म्हणून डोळ्याची नजर लक्ष्यावर न ठेवता माशीवर ठेवावी, लक्ष्य किंचित अंधुक दिसले तरी चालेल, असे प्रशिक्षक पुनःपुन्हा सांगतात. अपरिचित पिस्तुलावर नेमका याचाच विसर पडतो. शस्त्रावर विश्वास नसल्याने माणूस गोळी कोठे लागते हे पाहण्यास उत्सुक असतो, नजर माशीवरून निसटून लक्ष्याकडे धावते आणि मनगट ढिले पडते.

वयाची चाळिशी ओलांडलेल्या अधिकाऱ्यांची अडचण आणखी निराळी असते. त्यांना लक्ष्य स्वच्छ दिसते पण माशीच अंधुक दिसते. नव्या पिस्तुलाची माशी बारीक असली तर दोष पिस्तुलाला दिला जातो. खरे म्हणजे तेथे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन हातभर अंतरावरचे स्पष्ट दिसेल असा चष्मा करून घेण्याची गरज असते. वाचण्याची चाळिशी त्या कामी येत नाही, कारण पुस्तक जितके जवळ धरतात त्याहून माशी बरीच लांब असते.

दुसरा भेद मुठीचा. निरनिराळ्या बनावटीच्या पिस्तुलांत मूठ आणि नळी यांमधील कोन सारखा नसतो. एका पिस्तुलाची मूठ जवळजवळ सरळ खाली येते, तर ग्लॉकसारख्या पिस्तुलाची मूठ मागे अधिक कललेली असते. सरळ मुठीची सवय झालेला हात अशा पिस्तुलाचे तोंड नकळत वर उचलतो. हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. पिस्तूल पूर्ण रिकामे करून, त्याची खातरजमा दुसऱ्याकडून करून घेऊन, लक्ष्याकडे तोंड करून उभे राहावे. डोळे मिटावेत, हात सहजपणे लक्ष्याच्या दिशेने उचलावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या वर आलेली दिसली, खाली बुडालेली दिसली की बाजूला गेलेली दिसली, यावरून जुन्या सवयीने हात कोठे ओढला जातो ते लगेच कळते. बाजूला जात असेल तर मनगट वळवून दुरुस्ती करू नये. पाय किंचित सरकवून सबंध शरीर फिरवावे. वर-खाली होत असेल तर पंजा मुठीवर थोडा वर किंवा खाली धरून पाहावा. हीच कृती वीस-पंचवीस वेळा केली, म्हणजे हात नवीन कोन शिकू लागतो. यासाठी एकही काडतूस खर्च होत नाही.

तिसरा भेद चापाचा, आणि सर्वांत अधिक गोळ्या वाया जातात त्या येथेच. स्पर्धेच्या वेळी पंच चापाचे वजन कसे तपासतात हे पाहण्यासारखे असते. पिस्तुलाचे तोंड वर करून चापाला वजन अडकवितात आणि पिस्तूल उचलतात. वजन उचलले गेले व घोडा पडला नाही, म्हणजे चाप नियमात बसला. हवेच्या पिस्तुलासाठी हे वजन ५०० ग्रॅमचे, तर २५ मीटरच्या पिस्तुलासाठी १००० ग्रॅमचे असते. सेवेतील शस्त्रांचे चाप याहून कितीतरी जड असतात. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी हाताने न चढविता नुसता चाप ओढला, तर घोडा मागे नेणे, चक्र फिरविणे आणि घोडा सोडणे ही तिन्ही कामे एकट्या बोटाला करावी लागतात, म्हणून ती ओढ लांब आणि जड असते. ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारे, ब्राउनिंगच्या आराखड्यावर आधारलेले नऊ मिलिमीटर पिस्तूल मात्र वेगळे. त्याचा घोडा सरकपट्टी मागे ओढतानाच चढतो, आणि चापाला आखूड ओढ पुरते. काही पिस्तुले तर एकाच शस्त्रात दोन्ही प्रकार दाखवितात. अमेरिकेच्या सेनेने १९८५ साली जे बेरेटा पिस्तूल स्वीकारले, त्यात पहिल्या गोळीस चाप जड व लांब लागे आणि दुसरीपासून हलका व आखूड. जुन्या पंचेचाळीस बोअरच्या पिस्तुलावर वाढलेल्या सैनिकांना या दोन निरनिराळ्या ओढींची सवय नव्याने करावी लागली.

जड चापाची सवय असलेले बोट हलक्या चापावर आले, की गोळी अपेक्षेपूर्वीच सुटते. हलक्या चापाची सवय असलेले बोट जड चापावर आले, की मध्येच अडते आणि मग माणूस सबंध पंजा आवळून चाप हिसकतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या गोळ्या लक्ष्याच्या डाव्या बाजूस खाली जाऊ लागल्या, तर बहुधा हाच हिसका कारणीभूत असतो. यावर जुना आणि निश्चित उपाय रिकाम्या पिस्तुलाच्या सरावाचा. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, काडतुसे खोलीतच ठेवू नयेत, समोर भक्कम भिंत असावी आणि त्यावर लहानसा काळा ठिपका. नळीच्या वरच्या सपाट भागावर रुपयाचे एक नाणे ठेवावे. चाप सावकाश, एकसारखा मागे आणावा. घोडा पडला तरी नाणे पडू नये. हे ऐकण्यास पोरखेळ वाटते. परंतु ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे, की नव्या पिस्तुलावर पहिल्या दिवशी नाणे दहापैकी सात-आठ वेळा जमिनीवर असते. पॉइंट दोन-दोन व्यासाच्या क्रीडा पिस्तुलांपैकी पुष्कळांचा घोडा रिकामा पाडणे हानिकारक असते. तेथे त्यासाठी केलेले नकली काडतूस वापरावे, अथवा शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरास विचारूनच हा सराव करावा.

चौथा भेद धक्क्याचा. जोरदार पिस्तुलाचा आवाज आणि धक्का एकदा बसला, की पुढच्या गोळीस शरीर आधीच दचकते. डोळा मिटतो, मनगट खाली दबते आणि गोळी लक्ष्याखाली जमिनीत जाते. दचकणाऱ्यास हे कधीच पटत नाही. त्याला ते पटवून देण्याची एक रीत प्रशिक्षक वापरतात. पिस्तुलात भरावयाच्या काडतुसांत एखादे नकली काडतूस ते नेमबाजाच्या नकळत मिसळतात. त्याची पाळी आली की स्फोट होत नाही, पण पिस्तुलाचे तोंड मात्र झपकन खाली गेलेले सर्वांना दिसते. मग वादाला जागा उरत नाही. यात लाज वाटण्याचे कारण नाही. आपल्या हातात स्फोट होत असता शरीराने आकसून जाणे ही निसर्गाची योजना आहे आणि शिक्षणाने ती आवरावी लागते. कानांवर चांगले संरक्षण घेतल्याने दचकणे पुष्कळ कमी होते. आपल्याकडे चांदमारीच्या मैदानावर कानांत कापसाचे बोळे घालून भागविण्याची जी रीत कोठे कोठे दिसते, ती श्रवणास अपायकारक आहेच, शिवाय नेमालाही मारक आहे.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष गोळ्या झाडण्याची वेळ येते, आणि येथे एका मोहापासून दूर राहावे लागते. पहिली गोळी उजवीकडे लागली म्हणून दुसरी डावीकडे रोखायची, ती खाली गेली म्हणून तिसरी वर, असे गोळ्यांच्या छिद्रांमागे धावणारा माणूस दिवसअखेर काहीच शिकत नाही. पाच गोळ्या एकाच जागी नेम धरून झाडाव्यात. मधे दुर्बिणीतून पाहू नये. प्रत्येक वेळी हात उचलल्यावर आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली आणून विसावा घ्यावा, कारण त्यानंतर डोळा आणि खांदा दोन्ही थकतात. पाच झाल्यावर लक्ष्य पाहावे. छिद्रे विखुरलेली असतील तर दोष हाताचा, आणि पुन्हा नाण्याकडे वळावे. छिद्रांचा पुंजका लहान आहे पण लक्ष्याच्या मध्यापासून दूर आहे, असे असेल तर हाताने आपले काम केले, आता दुरुस्ती शस्त्राची करावयाची.

पुष्कळदा हा पुंजका दूर पडण्याचे कारण अगदी साधे असते. क्रीडा नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरीत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर माशी स्वच्छ दिसावी म्हणून ते वर्तुळाच्या खाली धरतात आणि त्यांच्या पिस्तुलाची खाच त्यानुसार लावलेली असते. सेवेतील पिस्तूल सामान्यतः जेथे नेम तेथे गोळी, अशा बेताने लावलेले असते. एकाची रीत दुसऱ्याच्या शस्त्रावर चालविली की गोळ्या वर किंवा खाली जाणारच. पूर्वीच्या मालकाने खाच स्वतःच्या डोळ्यासाठी लावलेली असते, हेही लक्षात घ्यावे. खाच हलविता येत असेल तर गोळी ज्या दिशेस न्यायची त्याच दिशेस मागील खाच सरकवावी. माशी हलविण्याची वेळ आली तर ती मात्र उलट दिशेस. सेवेच्या शस्त्रांत हे काम शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. ज्याची रीत घडलेली नाही त्याने खाचेला हात लावू नये. आधीच विखुरलेल्या पुंजक्याला मध्य कोठून असणार?

रिव्हॉल्व्हरवर वाढलेल्या पोलीस कर्मचाऱ्यांबाबत येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. ती नेमाची नसून जिवाची आहे. रिव्हॉल्व्हरचे चक्र बाहेर काढले, की सहाही कप्पे डोळ्यांना दिसतात. रिकामे म्हणजे रिकामे. पिस्तुलाचे तसे नाही. मुठीतून मॅगझिन काढले तरी एक काडतूस नळीच्या तोंडाशी बसलेले असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पिस्तूल रिकामे करताना क्रम असा: बोट चापाबाहेर, तोंड सुरक्षित दिशेस, आधी मॅगझिन काढणे, मग सरकपट्टी मागे ओढून नळीचे तोंड डोळ्यांनी पाहणे आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपणे. क्रम उलटला, म्हणजे सरकपट्टी आधी ओढली आणि मॅगझिन मागाहून काढले, तर मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत जाऊन बसते आणि माणूस निश्चिंत राहतो. नव्या शस्त्राच्या पहिल्या तासात एकही गोळी न झाडता हा क्रम पन्नास वेळा करविला, तरी तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये. क्रीडा मैदानावर रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत रंगीत दोरी किंवा ध्वज घालून ठेवण्याचा नियम आहे. तो शाळांच्या मैदानावरही कटाक्षाने पाळावा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येकाला कायमचे एकच शस्त्र का देऊ नये? द्यावेच. जेथे शक्य आहे तेथे त्याहून उत्तम काही नाही. चांगले नेमबाजही आपले पिस्तूल सहजासहजी बदलीत नाहीत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ सालच्या जुलैत, मनू भाकर हिच्या हवेच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तीच मुलगी २०२४ साली पॅरिस येथे दोन कांस्यपदके घेऊन आली. शस्त्र आणि हात यांची जोडी किती नाजूक असते, हे यावरून दिसते. परंतु तालुक्याच्या क्रीडा मंडळाला प्रत्येक मुलामागे पिस्तूल कोठून परवडणार? तेथे एकच हवेचे पिस्तूल दहा-बारा मुले आळीपाळीने वापरतात. म्हणजे शहरातील नेमबाजाला वर्षातून एखादे वेळी पडणारा प्रश्न ग्रामीण मुलाला दर आठवड्याला पडतो.

या मुलांसाठी क्रीडाशिक्षकाला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या पंजात मोठ्या माणसाची मूठ दिली, तर तिचे बोट चापावर पेरापर्यंत पोहोचतच नाही, केवळ टोक लागते आणि चाप तिरका ओढला जातो. तिला नेम येत नाही असा शेरा मारण्यापूर्वी एवढे पाहावे. हवेच्या क्रीडा पिस्तुलांची लाकडी मूठ सुटी काढता येते. एका पिस्तुलासाठी लहान, मध्यम व मोठी अशा दोन-तीन मुठी घेतल्या तर नव्या पिस्तुलाच्या तुलनेने तो खर्च फारच थोडा. त्याचप्रमाणे मुलाचा कोणता डोळा प्रबळ आहे हे पहिल्याच दिवशी पाहावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे लहानशी फट ठेवावी आणि तीमधून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताचे आणि डाव्या डोळ्याचे मूल पुष्कळदा निष्कारण मागे पडते.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. पिस्तुलाच्या प्रकारात असे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे हाताच्या कोपराच्या दुखापतीने त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले आणि त्यानंतर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकले. दुखापतीनंतर जुनेच पिस्तूलही हाताला नवे वाटते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या पुनरागमनाचे मोल कळेल.

याचे जगाला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण मात्र हंगेरीचे कारोली टाकाच. सैन्यात ते सार्जंट होते आणि उजव्या हाताचे अव्वल नेमबाज. १९३८ साली सरावात एक हातबॉम्ब त्यांच्या उजव्या हातात फुटला आणि तो पंजा गेला. इस्पितळातून बाहेर आल्यावर त्यांनी कोणालाही न सांगता डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ च्या ऑलिम्पिक स्पर्धा झाल्याच नाहीत. १९४८ साली लंडन येथे ३८ वर्षांच्या टाकाच यांनी डाव्या हाताने रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे पुन्हा जिंकले. ही हकिगत जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण प्रशिक्षकाने तीत आणखी एक गोष्ट पाहावी. टाकाच यांचा हात नवा होता, डोळा आणि क्रम मात्र जुनाच होता. माशीवर नजर, सावकाश चाप, एकसारखा श्वास हे सारे त्यांना पुन्हा शिकावे लागले नाही. ज्याच्यापाशी क्रम पक्का आहे त्याला नवे शस्त्र म्हणजे केवळ हाताची तालीम. ज्याच्यापाशी क्रमच नाही, त्याने आजवर आपल्या एका पिस्तुलाच्या दोषांशी जुळवून घेतलेले असते. शस्त्र बदलताच ते उघडे पडते.

शेवटी एक लहानशी व्यवस्था सुचविण्याजोगी आहे. पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारात, ज्याला खात्याच्या बोलीत ‘कोत’ म्हणतात, प्रत्येक शस्त्राचा क्रमांक आणि देण्याघेण्याची नोंद असतेच. त्याच क्रमांकापुढे आणखी दोन ओळींची जागा ठेवावी: पाच गोळ्यांचा पुंजका कोणत्या अंतरावर नेमाच्या कोणत्या बाजूस किती पडतो, आणि चाप कसा आहे, लांब की आखूड, मधे अडतो की सरळ येतो. सरावाहून परतलेल्याने हे स्वतःच्या हाताने लिहावे आणि पुढे ते शस्त्र घेणाऱ्याने ते वाचून सही करावी. क्रीडा मंडळांनी अशीच वही पिस्तुलाच्या पेटीत ठेवावी. बारा मुलांच्या बारा हस्ताक्षरांत एकाच पिस्तुलाविषयी लिहिलेले वाचले, की पिस्तुलाचा दोष कोणता आणि कोणत्या मुलाच्या हाताचा कोणता, हे शिक्षकाला महिनाभरात कळू लागते. पेटीत वहीशेजारी रुपयाचे एक नाणेही ठेवावे.